नळ्यांची जोडणी, भाग दोन

गेट वाजलं तेव्हा त्याच्या हातात काहीही नव्हतं. चहा प्यायला निघालेला माणूस जितका रिकामा असू शकतो तितका तो रिकामा होता. तरी ग्रंथालयाच्या दाराशी उभे असलेले ते दोन करडे खांब, एरवी तोंड शिवल्यासारखे गप्प असणारे, एकदम कोकलायला लागले आणि वाचनकक्षातल्या सगळ्या माना वर झाल्या. गेटवरचे काका स्टुलावरून उठले. इतकी वर्षं तिथे बसून त्यांचा स्वभाव असा झाला होता, की चोर सापडला नाही तर त्यांना पगार फुकटचा वाटे आणि सापडला तर त्याला वाईट वाटू नये म्हणून ते विनोद करत. "घ्या," ते म्हणाले, "कुंपणच शेत खायला लागलं." तो मागे आला, पुन्हा गेला, पुन्हा कोकलणं. किल्ल्यांचा जुडगा काकांच्या टेबलावर ठेवला, मग फोन, मग पट्टा, मग चष्मा. चष्म्याशिवाय खांब धूसर झाले, आवाज मात्र तसाच ठणठणीत. "आता दात राहिले," काका म्हणाले. "निघतात का?" "अजून नाही." "मग मनात काहीतरी असेल. काढा बाहेर." त्याने खरंच मनात पाहिलं. मनात बाबांच्या डोळ्यांत घालायचे थेंब होते, आणि आपण विनाकारण सगळ्यांसमोर पँट धरून उभे आहोत ही जाणीव होती. मग काकांनी त्याला खांद्याला धरून दुकानातल्या पुतळ्यासारखं फिरवलं आणि म्हणाले, "अहो, हे काय? काखेत कळसा नाही, कोपरात कळसा." स्वेटरच्या कोपराला एक पारदर्शक कडं चिकटलं होतं. अंगठीपेक्षा मोठं, बांगडीपेक्षा लहान, आत केसाइतकी बारीक धातूची रेघ. काकांनी ते सोलून त्याच्या तळहातावर ठेवलं आणि समाधानाने बसले. त्यांच्या दृष्टीने प्रकरण मिटलं होतं. तो मात्र एका हातात पट्टा आणि दुसऱ्या हातात ते कडं घेऊन तसाच उभा राहिला. त्याचा चहा राहिला तो राहिलाच.

हे कडं म्हणजे गेटला चोरी कळवणारा टॅग; तो डीव्हीडीच्या मधल्या भोकाभोवती लावतात. एकदा लावलं की ते आपोआप सुटत नाही. त्याला नखाने उचकटावं लागतं, आणि तो उद्योग कोणी हौसेने करत नाही. ते काढतात फक्त मरायला निघालेल्या चकतीवरून. नियमच आहे: चकती बाद झाली तरी चालेल, टॅग वाचला पाहिजे. हा नियम मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्य ग्रंथपालांनी केला होता आणि त्याने तो टाइप केला होता. टाइप करताना त्याला त्यात काही विचित्र वाटलं नव्हतं. आता, तळहातावरच्या त्या ओलसर गोंदाकडे बघताना वाटलं, की घर जळालं पण कुलूप शाबूत आहे, असं कोणीतरी येऊन सांगावं तसं हे आहे.

पोटमाळ्यावरचा तो दृक्‌श्राव्य विभाग म्हणजे त्याचं राज्य होतं, आणि प्रजा फार नव्हती. बाहेर उघड्या मांडणीवर नुसत्या डब्या ठेवायच्या, रंगीत, देखण्या, आत पोकळ. चकत्या काउंटरमागे, लोखंडी खणांत, कागदी पाकिटांत, क्रमांकाने. विद्यार्थी रिकामी डबी घेऊन यायचा, हा पाठीमागे वळून खण उघडायचा आणि त्या डबीतलं तिचं हरवलेलं काळीज तिला परत द्यायचा. ही व्यवस्था त्यानेच बसवली होती, कारण पूर्वी चकत्या डब्यांतच असत आणि लोक घेऊन जात. व्यवस्था बसल्यावर लोक रिकाम्या डब्या घेऊन जाऊ लागले. का, हे त्याला कधीच कळलं नाही. एक तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक मात्र चकतीच घरी घेऊन गेले होते आणि सत्र संपल्यावर त्यांनी ती परत केली तेव्हा तिच्यावर चहाच्या कपाची गोल खूण होती. "बघायला वेळ झाला नाही," ते म्हणाले होते, "पण उपयोग झाला." अशा चकत्या तो पुसायचा. मधून कडेकडे, सरळ रेषेत, गोल गोल कधीच नाही. गोल पुसलं की ओरखडा वाचनाच्या वाटेतच पडतो आणि एक अख्खा प्रसंग गिळतो. सरळ ओरखडा यंत्र माफ करतं. नव्या मदतनीस मुलीला त्याने पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. तिला येऊन बराच काळ लोटला होता, तरी तिला सगळे नवीच म्हणत, आणि तीही फोन उचलून "हॅलो, नवी बोलतेय" म्हणायची. पुसायची उत्तम. हुशार होती. कामाचा तिला उरक होता. हे आठवलं आणि तो मागे वळला.

पट्टा न बांधताच तो जिना चढायला लागला. जिन्यावर नेहमीचा वास होता, जुन्या कागदाचा आणि ओल्या फडक्याचा. आईच्या हाताला कधीच असा वास नसे. तिच्या हाताला साबणाचा आणि त्याखाली कसल्या तरी तिखट द्रावणाचा वास असे, कारण ती याच महाविद्यालयात, अंगणापलीकडच्या इमारतीत, रसायनाच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायची. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. लोक दिवसा लिफ्ट वापरतात म्हणून ती रात्री दुरुस्त करावी लागते, आणि रात्री दुरुस्त करणारा माणूस दिवसा झोपतो. या तर्कशुद्ध साखळीच्या शेवटच्या कडीला त्यांचं बालपण बांधलेलं होतं. "बाबा झोपलेत." आईच्या तोंडचं हे वाक्य घराच्या भिंतींना रंगासारखं लागलेलं होतं. तो आणि ताई कुजबुजत भांडायचे. ताट ठेवताना खाली हात ठेवायचे. आणि हसायचं असेल तर तिघं स्वयंपाकघरात जायचे, दार लोटून घ्यायचे आणि आवाजाशिवाय हसायचे. आई तोंडावर हात दाबायची, खांदे गदागदा हलायचे, डोळ्यांतून पाणी, आणि घशातून फक्त टक्, टक्, टक्, किल्ली फिरतेय पण गाडी सुरू होत नाहीये तसं. मग ती हात काढायची, चेहरा पुसायची आणि सुरू न झालेली गाडी तिथेच सोडून कामाला लागायची. त्याला लहानपणी वाटायचं की हसणं एवढंच असतं. मोठेपणी तो ग्रंथालयात नोकरीला लागला तेव्हा मोठ्या बाईंनी मुलाखतीत विचारलं होतं, "शांतता राखता येईल का?" आणि तो आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या प्रश्नाला आत्मविश्वासाने हो म्हणाला होता.

'ऊर्ध्वपातन: एक प्रात्यक्षिक'. ही डीव्हीडी महाविद्यालयानेच काढलेली. कधीतरी कोणाला तरी वाटलं की आपल्या अध्यापकांची व्याख्यानं चित्रित करून ठेवावीत. कॅमेरा आला, चार-सहा तास चित्रण झालं, उत्साह संपला, कॅमेरा गेला. मूळ टेप कुठे गेली हे कोणालाच माहीत नाही. उरली ती ही एक चकती. तिच्यात रसायनवाले सर काचेच्या उपकरणांच्या मागे उभे आहेत. खाली ज्योत आहे, चंबू आहे, तिरकी नळी आहे, नळीच्या टोकाशी रिकामं भांडं आहे. सर कॅमेऱ्याकडे पाहून म्हणतात, "आता पहिला थेंब पडेल." सगळे बघतात. थेंब पडत नाही. सर म्हणतात, "पडेल." शांतता. ज्योतीचा बारीक सुस्कारा ऐकू येतो. "पडेलच," सर म्हणतात, आता जरा थेंबाला उद्देशून. आणि तेवढ्यात पाठीमागून, खोलीच्या अगदी टोकाकडून, टक्, टक्, टक्, आणि मग, घरी जे कधीच झालं नाही ते होतं, गाडी सुरू होते. ते हसणं सुटतं. बाई हसते आहे, मोकळी, पोटातून, वरच्या पट्टीत जाऊन तिथेच गडगडत बसते, एकदा श्वास घेते आणि पुन्हा हसते. कॅमेरावाल्यालाही राहवत नाही. तो कॅमेरा झपकन मागे वळवतो. पण तोवर आई टेबलाखाली वाकली आहे, काहीतरी उचलायच्या निमित्ताने, आणि पडद्यावर दिसतं ते फक्त तिचं रिकामं स्टूल. त्याच क्षणी मागून सरांचा आवाज येतो: "पडला." कॅमेरा परत येतो तोवर थेंब पडून गेलेला असतो. ऊर्ध्वपातनावरच्या त्या संपूर्ण चित्रफितीत पहिला थेंब नाही. ज्याच्यासाठी कॅमेरा वळला ती आईही नाही. मुलं तक्रार करायची, "सर, मेन तेच नाहीये यात." तो म्हणायचा, "हो, नाहीये."

आई गेल्यावर कधीतरी, दंडाची पावती फाडायला म्हणून ती चकती तपासताना, त्याला ते सापडलं होतं. कानाला ग्रंथालयाचा हेडफोन, समोर प्रेक्षकांचे रिकामे कोनाडे, आणि कानात एकदम आई. तो इतका दचकला की हेडफोनची वायर उपटली गेली आणि आई सगळ्या पोटमाळ्यावर हसली. कोपऱ्यात अभ्यास करणारा एक मुलगा "श्श" म्हणाला. घरी तिचे फोटो होते, सगळे तोंड मिटलेले. आवाज कुठेच नव्हता. त्या काळात फोन होते, पण त्यांच्याकडे आवाज पकडणारे नव्हते, आणि असते तरी आई फोनवरसुद्धा हळूच बोलायची. तेव्हापासून ती चकती त्याच्यासाठी चकती राहिली नाही. पण मागणी होती. पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात ऊर्ध्वपातन होतं, आणि दर सत्राला ती कोणाच्या तरी दप्तरातून, कोणाच्या तरी तेलकट बोटांतून परत यायची. एकदा ती गोल ओरखड्यांसह आली. त्याने ती पुसली, यंत्रावर घासली, लावली. "पडेल" होतं, "पडेलच" जरा अडखळत होतं. आई वाचली होती. थोडक्यात. त्या दिवशी त्याने ठरवलं.

प्रत काढता आली असती. ताई त्याला एकदा म्हणालीही होती, "अरे वेड्या, कॉपी करून दे ना मला." पण काउंटरवर मोठ्या अक्षरांत लावलेली 'प्रत काढण्यास सक्त मनाई' ही पाटी त्याच्याच हातची होती, आणि नियम हा त्याच्याकडे इतरांकडे देव असावा तसा होता, विश्वासाचा प्रश्न नव्हता, सवयीचा होता. शिवाय दुसरंही होतं, ते त्याने ताईला सांगितलं नाही. प्रत काढायची म्हणजे मूळ हरवेल असं मान्य करायचं. घरातल्या माणसाचा विमा उतरवताना मनात जसं अभद्र काहीतरी सळसळतं तसं. आणि हरवेल कशी? ग्रंथालयातून वस्तू कशा जातात हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? पुस्तकांच्या जगात एखादी गोष्ट जपायची असेल तर तिला कुलूप लावायचं नाही. कुलूप फोडता येतं. तिला चुकीच्या जागी ठेवायचं. चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक म्हणजे समुद्रात टाकलेली सुई; शंभर वर्षं सुरक्षित. म्हणून त्याने संगणकात ऊर्ध्वपातनापुढे 'गहाळ' असं लिहिलं, आणि चकती उचलून अशा पाकिटात सरकवली जे जगाच्या अंतापर्यंत कोणी मागणार नव्हतं: 'सांडपाण्याच्या नळ्यांची जोडणी, भाग दोन'. भाग एक त्याच्या आधीच्या काळातच चोरीला गेला होता. भाग दोनची सुरुवातच "मागील भागात पाहिल्याप्रमाणे" अशी होती, म्हणून तो कोणी नेत नसे. नळ्यांची मूळ चकती त्याने घरच्या खिडकीत दोऱ्याने टांगली. कबुतरं पळतात म्हणून. कबुतरं तिच्यात स्वतःला बघायला येऊ लागली.

क्वचित, विभागात कोणी नसताना, तो नळ्यांची जोडणी काढायचा आणि ऐकायचा. पुरवून पुरवून. चकती ऐकल्याने झिजत नाही हे तो मुलांना समजावून सांगायचा, आणि तरी. बाबांना त्याने सांगितलं नव्हतं. बाबांना काय सांगायचं आणि काय नाही याची घरात जुनी शिस्त होती, ती बाबा निवृत्त होऊन दिवसा जागे राहायला लागले तरी सुटली नव्हती. मग डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं. त्याने रजा टाकली, ताई आली. डोळ्यावर पट्टी बांधून आरामखुर्चीत पडलेले बाबा, आणि ताई त्यांना करमावं म्हणून जुनं काढत बसलेली. "आई किती हसायची ना," ती म्हणाली. "कोण?" बाबा म्हणाले. "आई." "ती कधी हसायची? मी नाही बघितली कधी हसताना." "काहीतरीच काय, बाबा." "सांग ना मग, कशी हसायची?" ताईने तोंड उघडलं आणि मिटलं. तिला करून दाखवता येईना. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्यालाही येईना. तिघांच्या मधोमध एक हसणं होतं आणि ते कोणाच्याच तोंडात बसत नव्हतं. "बघ," बाबा म्हणाले, हरल्यासारखे, जिंकल्यासारखे नाही. "चाळीस वर्षं एका घरात काढली. माणूस सुखात होतं की नव्हतं, तेसुद्धा सांगता येत नाही मला." पट्टीच्या कडेने पाणी आलं, ऑपरेशनचंच असणार, ताई म्हणाली आणि कापूस घेऊन आली. तेव्हा तो म्हणून गेला, "मी ऐकवतो तुम्हाला. आईचं हसणं. माझ्याकडे आहे. कामावर गेलो की आणतो." त्या संध्याकाळी बाबा दिवाणखान्यातल्या जुन्या प्लेअरपाशी चाचपडत गेले आणि त्यांनी त्याच्यावरची धूळ सदऱ्याच्या बाहीने पुसली.

नवी काउंटरवर हेडफोनांना क्रमांक चिकटवत होती. काउंटरच्या आतल्या कडेला, जिथे सकाळी, रजेवरून आल्याआल्या, तो कोपर टेकवून तिच्याशी दोन शब्द बोलला होता, तिथे पारदर्शक कडी ओळीने चिकटवलेली होती, ओळीत मध्ये एक जागा मोकळी. "अहो दादा, पट्टा," ती म्हणाली. त्याने पट्ट्याकडे पाहिलं, बांधला नाही. "हे काय आहे?" "टॅग. काढून ठेवलेत ना. एक कमीच भरत होता मघापासून, तुमच्याकडे होय?" "कसले टॅग?" "निर्लेखनाचे." तिचा चेहरा खुलला. "तुम्हाला सांगायचंच राहिलं! मोठ्या बाई मागे लागल्या होत्या तुमच्या, आठवतंय ना, ज्या कोणी नेतच नाही त्या बाद करा, खण मोकळे करा, हल्ली कोणाच्या लॅपटॉपला चकतीची फटच नसते. तुम्ही आपले आज करू, उद्या करू. म्हटलं, दादांच्या घरी आधीच व्याप, आल्यावर त्यांच्या डोक्याला ताप नको. सगळं करून टाकलं. यादी, मंजुरी, टॅग काढणं, सगळं." ती कौतुकाची वाट बघत थांबली. तिचं काही चुकलं नव्हतं. "नळ्यांची जोडणी," तो म्हणाला. "काय?" "सांडपाण्याच्या. भाग दोन." नवी हसली. "ती तर सगळ्यात पहिली! अहो, आल्यापासून एकदासुद्धा बाहेर गेलेली नाही ती. एकदासुद्धा! आणि भाग एक नाही तर भाग दोन बघून कोण काय जोडणारे?" मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "का हो? कोणी मागितली का?" "हो." "कोणी?" "वडिलांनी." "तुमच्या?" तिने विचार केला. "त्यांना नळाचं काम करायचंय? डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना त्यांच्या?"

इथे त्याला हसू यायला हवं होतं. आलंही असतं. घशात एकदा टक् झालं. त्याच्या मनात सगळी साखळी लख्ख उभी राहिली, बाबांच्या रात्रपाळीइतकीच तर्कशुद्ध: कोणी मागू नये म्हणून त्याने ती लपवली, कोणी मागितली नाही म्हणून ती बाद झाली. विद्यार्थ्यांच्या तेलकट बोटांत ती राहिली असती तर आज खणात असती, ओरखडलेली, चिकट, दर सत्राला कोणीतरी शिव्या घालत परत आणलेली, जिवंत. जगातल्या कुठल्याही माणसाने आपली वस्तू हरवायची ठरवली असती तर इतक्या पद्धतशीरपणे हरवली नसती. त्यासाठी ग्रंथालयशास्त्राची पदवीच लागते. "कुठे आहेत त्या?" त्याने विचारलं. "मागच्या जिन्याखाली, पोत्यात. रद्दीवाला यायचाय. पण दादा, त्या आता..." तिने बोटाने हवेत गिरमिट फिरवलं. "नियम आहे ना. परत कोणी वापरू नये म्हणून एकेक भोक."

जिन्याखाली अर्धवट उजेड होता आणि तुटक्या खुर्च्या. पोतं जड होतं. त्याने जमिनीवर बसून एकेक चकती वर काढायला सुरुवात केली. नवीने भोकं सुताराकडून पाडून घेतली होती, सगळी एकाच जागी, मधल्या भोकापासून दोन बोटांवर, इतकी नेटकी की चळत केली की एक बोगदा तयार होत होता. बेडकाचं विच्छेदन. मराठी व्याकरण, सुलभ. भूकंप आणि आपण. कामगार सुरक्षा. त्यांच्यातल्या कितीतरी त्याने स्वतः पुसल्या होत्या, मधून कडेकडे. सुताराचं गिरमिट गोल फिरलेलं होतं. चकत्यांच्या कडा बोटांना कापत होत्या आणि प्रत्येक चकतीत, ती तिरपी झाली की, त्याचा चेहरा उजळून जाई आणि कपाळाच्या जागी भोक दिसे. बऱ्याच खाली ती मिळाली. तिच्यावर सुवाच्य छापलेलं होतं, 'ऊर्ध्वपातन'. पाकीट नळ्यांचं, चकती ऊर्ध्वपातनाची. कोणीही पाकिटातून काढताना वाचलं असतं तर थांबलं असतं. नवीने वाचलं नसेल, कारण तिचा त्याच्यावर विश्वास होता. दादांच्या खणात कधी चुकीची चकती नसते, हे तीच सगळ्यांना सांगायची. त्याने चकती डोळ्याला लावली आणि भोकातून पाहिलं. तुटक्या खुर्चीचा एक पाय दिसला. त्याला एकदम आईचं स्टूल आठवलं, पडद्यावरचं, आणि ते आठवताना त्याच्या लक्षात आलं की त्याला ज्योतीचा सुस्कारा आठवतोय, सरांचं "पडेल" त्यातल्या खाकरण्यासकट आठवतंय, पण पुढचं हसणं नाही. टक्, टक्, टक् पर्यंत सगळं येतंय आणि मग शांतता. भोक चकतीवरच्या नेमक्या कुठल्या प्रसंगात पडलंय ते सांगता येत नव्हतं. त्याला मात्र तिथेच पडलं होतं.

संध्याकाळी निघताना कडं त्याने नवीला परत दिलं. तिने ते लगेच काउंटरच्या आतल्या कडेला चिकटवून टाकलं आणि ओळीतली मोकळी जागा नाहीशी झाली. चकती त्याच्या सदऱ्याच्या खिशात होती. गेटपाशी तो उगीच हळू झाला. काकांनी दोन्ही हात कानांवर ठेवले, थट्टेने. तो खांबांच्या मधून गेला. गेट गप्प राहिलं. "बघा," काका म्हणाले, "आता कसे सज्जन!"

घरी बाबा वाटच बघत होते. डोळ्यांवर काळा चष्मा, दाढी केलेली, धुतलेला सदरा. कोणाकडे तरी जायचं असल्यासारखे. तो आज चकती आणणार हे ताईने बहुधा सकाळी जाताना सांगितलं असणार. प्लेअरची वायर त्यांनी आधीच जोडून ठेवली होती. "आणलीस?" त्याने जिन्यावर वाक्यं तयार केली होती. बाबा, ती सापडत नाहीये. बाबा, ग्रंथालयाबाहेर न्यायला परवानगी नाही. बाबा, तुमचंच खरं असेल. तोंडातून निघालं ते, "आणली." नंतर त्याला स्वतःचंच नवल वाटलं, की भोक पडलेली चकती आपण त्या खोबणीत ठेवली, आणि बटण दाबलं. काहीही होणार नाही हे त्याच्याइतकं पक्कं कोणाला माहीत होतं? पण माणूस देवाला नाही म्हणतो आणि यंत्राला कधी म्हणत नाही. खोबण आत गेली. यंत्र घरघरलं. चकती आत फिरायला लागली, लंगडत, भोकाशी येऊन अडखळत, आणि भिंग तिच्यावर धडपडू लागलं. टक्. टक्. टक्. टक्. मग एक लांब सुस्कारा, आणि सगळं थांबलं. पडद्यावर निळ्यावर पांढरं उमटलं: डिस्क वाचता येत नाही. बाबांना अजून इतकं बारीक वाचता येत नव्हतं. त्याने हात पुढे केला.

"थांब," बाबा म्हणाले. "बंद करू नकोस."

"बाबा, ती खराब झालीये. भोक पडलंय तिला. माझ्यामुळेच. ते हसणं नाही येणार आता."

"लाव परत."

त्याने लावली. बाबा खुर्चीतून उठले, चाचपडत पुढे आले, आणि गुडघ्यांवर बसून त्यांनी प्लेअरच्या पत्र्याला कान लावला, जसा आयुष्यभर लिफ्टच्या मोटारींना लावत आले होते. त्याला वाटलं आता म्हणतील, बेअरिंग गेलंय. टक्. टक्. टक्. बाबांनी एक बोट वर केलं.

"हे," ते म्हणाले. "असंच."

"काय असंच?"

"तिचं. तुम्ही तिघं आत जायचात, दार लोटायचात. आणि मग हे. असं अडकून अडकून. मग बंद." त्यांनी कान काढला नाही. "मला वाटायचं, रडते की काय. मग भांड्यांचा आवाज यायचा, तुम्हाला जेवायला वाढल्याचा. रडलेली बाई इतकी भराभर वाढत नाही. पण खात्री कशी करणार?"

"तुम्ही झोपलेले असायचात."

"दिवसा कोणाला झोप लागते?" बाबा म्हणाले. "डोळे मिटून पडायचो."

यंत्र थांबलं होतं. खिडकीतली चकती वाऱ्याने फिरली आणि भिंतीवर एक उजेडाचा ठिपका सरकत गेला.

"मग उठून यायचं ना," तो म्हणाला. आवाज त्याला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. "यायचं ना बाहेर. नुसतं दार तर होतं मध्ये."

"आलो असतो," बाबा म्हणाले, "तर थांबली असती."

मग बाबांनी पत्र्यावर दोन बोटं हलकेच आपटली, दुरुस्ती झाल्यावर लिफ्टला आपटत तशी. त्याने बटण दाबलं. टक्, टक्, टक्. पुन्हा दाबलं. शेजारच्या खोलीत कोणीतरी झोपलेलं असावं, तसे दोघंही जराही आवाज न करता बसून राहिले.